लुडबुडीची रोजनिशी

बुधवार, सकाळ

घंटागाडीची गाणी वळणावर ऐकू आली की दीड-दोन वर्षांचं मूल हातातलं सगळं टाकून दाराकडे पळतं. या वेळेला त्याला आत ओढून धरण्यापेक्षा त्याच्या हातात काम द्यावं. ओला कचरा मोठ्यांनी न्यायचा, सुका बाळाने: एक पुठ्ठ्याचं खोकं आणि जुना कागद, छोट्या कापडी पिशवीत. पिशवीचे बंद लांब असतात, ती जमिनीवर घासते, पायात येते आणि मूल तोंडावर पडतं. म्हणून बंदांना गाठ मारून पिशवी गुडघ्याच्या वर राहील इतकी आखूड करायची. जिन्यात पिशवी आपण घ्यायची, कारण त्याचा एक हात कठड्याला आणि एक आपल्या हातात हवा. खाली पोचलो की परत त्याच्याकडे. पिशवी गाडीवरच्या दादाच्या हातात देणं, रिकामी परत घेणं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत टाटा करणं, हे तिन्ही भाग व्हायलाच हवेत. एक जरी राहिला तरी वर येताना भोकाड ठरलेलं.

अडचण होते ती चपलांपाशी. या वयात चप्पल स्वतःच घालायची असते आणि गाडी तर थांबत नाही. त्यामुळे गाडीच्या वेळेआधी दहा मिनिटं चपला दाराशी मांडून ठेवाव्यात, नीट डावी-उजवी, बोटं बाहेरच्या दिशेने. पट्टा चिकटवायचा असेल तर मुलाला जमतो. बकल जमत नाही, आणि न जमल्याचा राग आपल्यावर निघतो.

बुधवार, दहा वाजता

घरात खेळण्यांचा ढीग असतो, तरी पोरगं येऊन बसतं ते ओट्याखाली पातेल्यांच्या कप्प्यात. त्याचं गणित साधं आहे. आईच्या, आजीच्या, बाबांच्या हातात जे असतं तेच महत्त्वाचं. प्लॅस्टिकचं लाटणं त्याला एका दिवसात कळतं की हे खोटं आहे, याने पोळी होत नाही. घरातल्या कामातला छोटासा, पण खरा वाटा दिला की वीस-वीस मिनिटं घर शांत असतं, आणि त्या शांततेत जी मजा असते ती महागड्या खेळण्याने येत नाही. सगळ्याच कामात वाटा देता येत नाही, हे मात्र आधी ठरवून टाकावं.

दोन वर्षांचं मूल साधारण 85 सेंटिमीटर उंच असतं, आणि ओटाही साधारण तेवढाच. म्हणजे ओट्याच्या कडेला ठेवलेलं सगळं त्याच्या हाताला लागतं, पण त्याला दिसत नाही. गरम चहाचा कप असाच अंगावर येतो. कढईचे आणि तव्याचे दांडे भिंतीकडे वळवलेले, कुकर मागच्या शेगडीवर, विळी आणि सुरी नजरेआड. मुलाला स्टुलावर उभं करून ओट्याशी घ्यायची पद्धत दिसायला छान आहे; पण साधं स्टील स्टूल एका बाजूला भार पडला की कलंडतं. त्यापेक्षा आपणच खाली बसावं. चटई, तिच्यावर जुनी चादर, समोर परात. शेगडी बंद. आपल्या आज्या निवडणं-टिपणं खाली बसूनच करायच्या, त्यामुळे घरातली पोरं आपोआप कामाच्या उंचीवर असायची.

जानेवारीत मटार स्वस्त असतात आणि या वयाला मटार सोलण्याइतकं योग्य काम दुसरं नाही. चिमटीत वस्तू पकडणं मुलाला वर्षाच्या आतच येतं. पण एका हाताने शेंग धरायची आणि दुसऱ्याने उघडायची, म्हणजे दोन हातांनी दोन वेगळी कामं, हे दोन वर्षांच्या आसपास जमू लागतं. म्हणून शेंग आपण शिवणीवर दाबून अर्धी फोडून द्यायची. ‘फट्’ असा आवाज येतो, तो आवाज त्याला हवाच असतो. पुढे तो अंगठा आत घालतो, दाणे ढकलतो. पहिला दाणा उडून चादरीवर जातो, दुसरा परातीत. परात स्टीलचीच घ्यावी, दाण्याचा टणटण आवाज निम्मी मजा आहे. प्लॅस्टिकच्या टोपलीत तोच दाणा मुका पडतो आणि पोरगं पाचव्या शेंगेला उठून जातं.

शेंगा निवडूनही घ्याव्यात. फुगलेल्या, टणक, हिरव्यागार शेंगा सहज फुटतात. चपट्या, मऊ पडलेल्या शेंगा दाबल्या तरी उघडत नाहीत, वाकतात. त्या आपल्या बाजूला. अर्धा किलो शेंगांतून जेमतेम पाव किलो दाणे निघतात, त्यातल्या दहा-पंधरा शेंगा मुलाच्या. बाकीच्या आपण शेजारी बसून सोलायच्या, घाई न करता. आणि बोलत राहायचं: उघड, ढकल, टाक, संपली, दुसरी घे. ‘हे काय आहे, सांग बरं’ अशी परीक्षा घेतली की मूल गप्प होतं. काम करता करता ऐकलेली क्रियापदं मात्र आठवड्याभरात त्याच्या तोंडून बाहेर पडतात, बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी, आणि अख्खं घर हसतं.

आता धोका. कच्चा मटारचा दाणा गोल, गुळगुळीत आणि नेमका श्वासनलिकेत बसेल एवढा असतो. तोंडात दाणा घालून हसणारं किंवा पळणारं मूल ही खरी भीती. दाणा खायला मागितलाच तर उकडून, बोटांनी चेपून द्यावा. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. द्राक्ष उभं चिरून चार फोडी कराव्यात. नाकात दाणा गेला तर घरी चिमटा किंवा काडी घालू नये, दाणा आणखी आत सरकतो. तडक डॉक्टरांकडे जावं. हरभरा किंवा सुका वाटाणा असेल तर घाई जास्त, कारण ओलाव्याने तो फुगतो. एवढं सगळं पाहता मटार सोलताना मोठ्या माणसाने उठायचं नाही, हा एकच नियम पुरतो. फोन वाजला तर वाजू दे.

काम थांबवण्याची एक युक्ती आहे. ‘पाच मिनिटांनी उठायचं’ हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही, मिनिट म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. ‘आणखी तीन शेंगा, मग हात धुवायचे’ हे कळतं, कारण तीन शेंगा समोर दिसतात. त्या तीन आपण बाजूला काढून ओळीत मांडायच्या. तिसरी संपली की रिकामी सालं बादलीत टाकायचं कामही त्याचंच. मधेच उचलून नेलं की रडणार. त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नाही, काम अर्धवट राहिलेलं कुणालाच आवडत नाही.

गुरुवार

पोळ्यांची वेळ. हा वाटा मटारापेक्षा अवघड, कारण जवळ तवा तापलेला असतो. त्यामुळे कणीक मळल्यावर, तवा चढवण्याआधी, मुलाचा कार्यक्रम उरकून घ्यावा. लिंबाएवढा गोळा वेगळा काढायचा आणि त्यात अर्धा चमचा तेल घालून थोडा सैल मळायचा. आपली पोळीची कणीक त्याच्या हाताला घट्ट पडते, दाबली तरी पसरत नाही, मग तो लाटणं आपटायला लागतो. लाटणं नेहमीचं नको, ते जाड आणि जड असतं; पापडाचं बारीक लाटणं त्याच्या मुठीत बसतं. पोळपाटाखाली ओलं फडकं घालावं म्हणजे तो सरकत नाही.

पहिल्यांदा लाटणं फिरत नाही, नुसतं ढकललं जातं आणि गोळा सुरकुततो. आपले हात त्याच्या हातांवर ठेवून दोनदा फिरवलं की पुरे, तिसऱ्यांदा सोडून द्यावं. पिठीची चिमूट चिमूट टाकायला त्याला फार आवडतं, म्हणून पिठी वाटीत चमचाभरच ठेवायची. डबा समोर असेल तर सगळं घर पांढरं. मैदा आणि भरपूर मीठ घालून खेळायची कणीक करतात, ती या वयाला नको: मूल ती खातं आणि एवढं मीठ त्याच्या पोटात जाणं चांगलं नाही. साधी कच्ची कणीकही खायची नसतेच, पण एखादा तुकडा गेलाच तर आरडाओरडा करायचं कारण नाही. गोळा अर्ध्या तासात वरून सुकतो आणि चिरा पडतात. तेव्हा टाकून द्यावा, पोळीच्या कणकेत परत मिसळू नये.

त्याने लाटलेल्या नकाशाची खरी पोळी करून द्यायची असेल तर तो गोळा वेगळा, हात धुतल्यानंतरचा. तव्यावर ती एका बाजूला जळते, दुसऱ्या बाजूला कच्ची राहते, कारण जाडी सारखी नसते. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दाबून भाजावी. आजोबांच्या ताटात ती वाढली की कार्यक्रम पूर्ण झाला.

गुरुवार, दुपार

जेवण. ‘हल्ली काहीच खात नाही’ ही तक्रार नेमकी याच वयात घराघरांत सुरू होते. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते, यात बिघडलेलं काही नसतं. दूध मात्र तपासावं. दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवणाला पोटात जागाच उरत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. मग मूल पांढुरकं, किरकिरं होतं आणि लोक म्हणतात दात येतायत.

स्वतःच्या हाताने जेवायला मऊ भातासारखं दुसरं काही नाही. पाव वाटी आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, एक मोठा चमचा मुगाची डाळ, पाचपट पाणी, हिंग-हळद, चार शिट्ट्या. वरून मेतकूट आणि साजूक तूप. हे तांदूळ चिकट शिजतात, चिमटीत घास धरून राहतो. बासमतीचे दाणे सुटे पडतात, तोंडापर्यंत दोन पोचतात आणि दहा मांडीवर. वाटी सरकते आणि तिच्यामागे मूल चिडतं. खाली चारपदरी ओला पंचा घातला की वाटी जागेवर राहते. एकावेळी तीन-चार चमचेच वाढायचे. ‘अजून’ म्हणायची संधी त्यालाही हवी. कपाळावरचं, कानामागचं तूप जेवण झाल्यावर एकदाच पुसावं, प्रत्येक घासाला नाही.

झोप. दिवस-रात्र मिळून 11 ते 14 तास या वयाला लागतात. दुपारची झोप साडेतीनच्या आत आटोपली की रात्र सुखाची जाते. बाकी प्रत्येक घराचं आपापलं.

शनिवार, बोरन्हाणाची तयारी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे मूल सर्दीने हैराण असेल तर खुशाल पुढे ढकलावं. वेळ दुपारची झोप झाल्यावरची, पोट थोडं भरलेलं असताना. झोपमोड झालेलं मूल, काळं नवं झबलं, अंगाला टोचणारे हलव्याचे दागिने आणि समोर वीस अनोळखी चेहरे, इतकं एकदम झालं की फोटोत फक्त रडं येतं. दागिने आदल्या दिवशी पाच मिनिटं घालून बघावेत. हलवा काटेरी असतो, मानेला घासतो. मागच्या बाजूला मऊ कापडाची पट्टी शिवून घ्यावी. मुकुट टिकत नाही, त्याचा हट्ट सोडलेला बरा. आणि दोरा तुटला की हलवा थेट तोंडात, म्हणून फोटो झाले की दागिने उतरवायचे.

डोक्यावरून ओतायला नुसते चुरमुरे, पाव किलो पुष्कळ झाले. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, रेवड्या, गोळ्या हे लागतं आणि घशात अडकण्याजोगंही असतं. ते जमलेल्या मोठ्या मुलांना पुड्यांतून द्यावं. रीत म्हणून दोन-चार बोरं हातात घेऊन हलकेच मांडीत सोडली तरी चालतं; औक्षण करणाऱ्या आत्याला हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर ती हौसेने ओंजळभर बोरं डोक्यावर सोडते. पहिली ओंजळ आपण मुलाच्या हातावर ओतायची, मग पायांवर, मग डोक्यावर. चुरमुरे टोचत नाहीत हे त्याला एकदा कळलं की पुढची ओंजळ तो स्वतःच स्वतःवर उधळतो.

खाली मोठी चादर हवीच. मोठी मुलं गोळा करायला झेपावतात तेव्हा उत्सवमूर्ती चेंगरते, म्हणून बाबांनी मागे बसून तिला मांडीत धरावं. पाहुणे गेल्यावर घाईने केर काढू नये. तासभर चिमटीने चुरमुरे वेचून वाटीत टाकणं आणि वाटी उपडी करून परत वेचणं चालू राहतं. मग छोटी केरसुणी त्याच्या हातात आणि सुपली आपल्या. चादर चारी कोपऱ्यांनी उचलून झटकायची, सुटलेले चुरमुरे कोरडेच झाडून घ्यायचे. ओलं फडकं शेवटी. आधीच पुसायला घेतलं तर तुटलेले चुरमुरे भिजून फरशीला चिकटतात, आणि ते दुसऱ्या दिवशी सुरीने खरवडावे लागतात.