ही पावती इथं फाटत नाही

नाकाबंदीवरच्या हवालदारांनी पाकीट फोडून नवी नळी काढली, यंत्राला लावली आणि म्हणाले, "जोरात फुंका, मध्ये थांबू नका." आकडा आला 68. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. निघण्याआधी मी लिंबूपाणी प्यायलो होतो, पान खाल्लं होतं, अर्धा तास थांबलोही होतो. त्याने फक्त तोंडाचा वास बदलतो. रक्तातली दारू यकृत आपल्या गतीनेच जिरवतं, त्याला लिंबू लागत नाही की कॉफी लागत नाही.

किती भरायचे, असं मी विचारलं. "ही पावती इथं फाटत नाही. कोर्टात जावं लागेल." यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर माझी सही घेतली, लायसन्स आणि गाडी ठेवून घेतली, हातात कागद दिला. मागे बसलेला मित्र आणि मी रिक्षाने घरी आलो.

आबा जागेच होते. त्यांनी 31 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी घाटात. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाला लागलं का?" नाही म्हटल्यावर उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी ते प्रकरण हेल्मेटच्या चलनासारखंच समजत होतो. तसं ते नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली हा फौजदारी खटला आहे. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही; दुसऱ्यांदा सापडलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. तारखेला गेलं नाही तर वॉरंट निघू शकतं. शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाबाहेर एकाने मला गाठलं आणि "पंधरा द्या, तुम्हाला आत यायचीसुद्धा गरज नाही" म्हणाला. अशा माणसाच्या हातात पैसे देऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, पात्र माणसाला तिथून मोफत वकील मिळतो.

माझ्या ओळखीत एक वकीलताई होत्या. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. आकडा मर्यादेच्या काठावर असता किंवा चाचणीच्या कागदांत खोट असती, तर खटला लढवायला अर्थ होता, असं त्यांनी सांगितलं. मग ज्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता, ती बोलल्या. "कबूल केलंस की दंड भरून सुटलास असं नाही. ती दोषसिद्धी आहे. उद्या नोकरीच्या किंवा व्हिसाच्या फॉर्मवर कधी शिक्षा झाली आहे का असं विचारलं, तर खरं लिहावं लागेल. दोन दिवस विचार कर." मी दोन दिवस विचार केला. आकडा खरा होता. माझ्या बाबतीत कबूल करणंच मला योग्य वाटलं.

तारखेच्या सकाळी आबा न सांगता कपडे करून तयार होते. आधार कार्ड, आरसी, विमा, पीयूसी सगळं त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं होतं. 11 पासून आम्ही बाकावर बसलो. पुकारा झाला तेव्हा सव्वा वाजला होता.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. न्यायाधीश मॅडमनी आरोप मराठीत वाचून दाखवला. समजला का? कबूल आहे का? कुणाच्या दबावाखाली सांगताय का? कबूल केलं तर शिक्षा होईल, हे माहीत आहे का? प्रत्येक प्रश्नानंतर त्या थांबत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मागे कोणी बसलं होतं?"

"हो मॅडम. मित्र."

"त्याला घरी कोण कोण आहे?"

त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तेवढं वाक्य बोलताना माझा घसा कोरडा पडला.

10,000 रुपये दंड, न भरल्यास 15 दिवस साधी कैद, आणि कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा. सहा महिने वाहन चालवायला बंदी. कलम 20 प्रमाणे या गुन्ह्यात बंदी त्याहून कमी करता येत नाही, हे ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. खिडकीवर पैसे भरले, पावती नीट जपून ठेवली, कारण गाडी सोडवताना तीच दाखवावी लागते. मग परत येऊन मागच्या बाकावर बसलो. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे संध्याकाळपर्यंत. माझ्यापुढे एकामागून एक प्रकरणं चालली होती. त्यातलं एक अपघाताचं होतं. मेलेल्या मुलाची आई साक्षीला आली होती आणि तिला मुलाचं वय विचारलं तेव्हा ती आधी आजचं वय सांगून मग थांबली.

आबांना घरी जायला सांगितलं होतं, ते गेले नाहीत. बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. साडेपाचला मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, बस मिळेल आता."

गाडी दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने चालवत आणली. ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. बंदी संपायला अजून चार महिने आहेत. मित्राला मुलगी झाली, बारशाला आबा आणि मी बसनेच गेलो.