ड्रायर फिरतोय, पण कपडे गारच

जुलैचा दुसरा आठवडा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार दिवस उन्हाची तिरीपही नव्हती, हॉलभर दोऱ्या आणि मुलाच्या गणवेशाला कुबट वास. नेमका तेव्हाच ड्रायर रुसला. ड्रम फिरायचा, पंखा वाजायचा, पण तासाभराने दार उघडलं की कपडे ओले ते ओलेच.

‘थंड हवा’चं बटण चुकून दाबलं गेलंय का, ते आधी पाहिलं. नव्हतं. मग मेकॅनिक आला. आत हात घालून म्हणाला, “हीटर गेलाय, साडेचार हजार.” मीटर पिशवीतून बाहेरही काढलं नाही. मला ते खटकलं.

खालच्या मजल्यावरचे काका वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी आल्या आल्या प्लग काढून माझ्या हातात दिला. “हा तुझ्याजवळच ठेव.” मागचा पत्रा उघडला, हीटरची वायर सोडवून मीटर लावलं, तर २६ ओहम. हीटर २००० वॅटचा, २३० व्होल्टला एवढंच यायला हवं. म्हणजे हीटर ठणठणीत! शेजारच्या नाण्याएवढ्या थर्मल कट-आउटला लावलं, तर मीटर गप्प. उष्णता हद्दीबाहेर गेली की तो हीटरचा करंट तोडतो. आमच्या मशीनमध्ये मोटरची लाइन वेगळी, म्हणून ड्रम आपला फिरतोच आहे.

त्याच अंशांचा नवा कट-आउट दोनशेच्या आत मिळाला. बसवला, गरम हवा आली, मी खूश. चौथ्या दिवशी पुन्हा गार.

“डायरेक्टच जोडूया का?” मी विचारलं.

“घराला काडी लावायचीय का?” काका भडकलेच. “तो उगाच उडत नाही. मशीन ओढ पुढे.”

मागे हवा बाहेर टाकणारा पाइप भिंतीला चेपून चपटा झाला होता. पाडव्याच्या साफसफाईनंतर मशीन मीच मागे रेटलं होतं. पाइप झटकला तर आतून जुन्या गादीतल्यासारखा ओलसर कापूस पडला, अर्धी बादली. दाराजवळची जाळी मी दर वेळी साफ करायचो, त्याचा केवढा अभिमान! पाइपाकडे मात्र तीन वर्षं पाहिलं नव्हतं. गरम हवेला वाटच नाही, मग हीटर तापणार नाही तर काय?

पाइप कापून आखूड केला, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं. या खेपेला कट-आउट दोन आणले होते. एक बसवला, दुसरा अजून टीव्हीच्या खणात पडून आहे.