मुद्दा काय आहे?

रविवार, रात्रीचे साडेदहा.

दुपारी ताईचा फोन आला होता. कुकर चढवला होता, कानात इअरफोन, त्यात रोजच्यासारखी कुठल्याशा चॅनेलवरची चर्चा. ती थांबवून फोन घेतला. ताई बागेचं सांगायला लागली, मग शेजारच्या काकूंचं, मग पुन्हा बागेचं. आणि मी म्हटलं, "ताई, मुद्दा काय आहे?"

ती गप्प झाली. "काही नाही गं, सहजच केला होता," म्हणाली आणि फोन ठेवला.

ते वाक्य माझं नव्हे. चर्चेतला निवेदक समोरच्याला तोडताना हेच म्हणतो, याच सुरात. आमच्या घरात असं कुणी कुणाला बोलत नाही. आई तर जेवायला बसलेल्या माणसाचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची, वरण गार झालं तरी.

संध्याकाळी ही वही मागे मागे चाळली. पावसाळ्यापर्यंत हिच्यात माणसं आहेत. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीतून डोकावणारी अळूची पानं आहेत, पानांच्या देठांवरून आमचं झालेलं बोलणं आहे. दिवाळीनंतर ऑफिसची वेळ बदलली, स्वयंपाक करताना चर्चा ऐकायची सवय लागली, आणि तिथून पुढे "सणसणीत उत्तर दिलं", "बोलती बंद केली", "चांगलंच सुनावलं". एका आठवड्यात तीनदा "सुनावलं". त्यातल्या दोनदा कुणाला आणि कशावरून तेही लिहिलेलं नाही. व्हिडिओंवर ठळक अक्षरांत असतात ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरलेत, आणि मी समजत होते की मी मनातलं लिहितेय. फार वाईट वाटलं. ताईने इतके दिवस किती वेळा "सहजच" म्हणून फोन ठेवला असेल?

मग साने गुरुजी आठवले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरवून घ्यायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. दुसऱ्याचं बोलणं टिपून घ्यायचं तर आपलं तोंड मिटून बसावं लागतं. पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी अशा पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. शाळेत बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या पाच दिवसांचंच नवल वाटलं होतं. आज वाटतं, पाच दिवस नुसते कागदावर उतरवायला लागले. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, तरी तिचं रागावणं, समजावणं त्यांच्या कानात शाबूत होतं. ऐकलेलं इतकं जपणारा कान!

नऊ वाजता ताईला फोन लावला, वही मांडीवर घेऊन. "दुपारी तुला तोडलं मी. चुकलं माझं. बागेचं सांग ना."

आधी जपूनच बोलली. मग मोकळी झाली. चाळीस मिनिटं. तिच्याच शब्दांत उतरवून ठेवते:

"दोन दिवस अवेळी पाऊस पडला, मोहोर काळा पडला गं. वरच्या अंगाला बाबांनी लावलेली दोन कलमं आहेत ना, त्यांच्यावर तेवढा टिकलाय. मी रोज सकाळी जाऊन बघून येते. हात नाही लावत."

काकूंचं उद्या सांगते म्हणाली.