पॅच येईपर्यंतचे दिवस

१० डिसेंबर २०२१ला लॉग४जेमधल्या सुरक्षा दोषाची बातमी वाचली तेव्हा वाटलं, रात्रीपर्यंत उरकेल. आमच्या टीमने स्वतः लिहिलेल्या जावा सेवांचं तसं झालंही. घोडं अडलं ते विकत घेतलेल्या एका रिपोर्टिंग सर्व्हरपाशी, आणि तो राग अजून मनातून गेलेला नाही.

लॉग४जे ही जावा सॉफ्टवेअरमध्ये लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, लिहिणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. लॉगमध्ये येणाऱ्या मजकुरात ठरावीक रचनेचा जेएनडीआय (जावाची बाहेरून गोष्टी शोधून आणायची सोय) पत्ता असला, की ती त्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकत असे. म्हणजे लॉगिनच्या चौकटीत एक ओळ टाकली तरी सर्व्हर दुसऱ्याच्या हातात. या दोषाचा अधिकृत नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८, गांभीर्य १० पैकी १०. दोनच दिवसांत आमच्या वेब लॉगमध्ये, जिथे ब्राउझरचं नाव असायला हवं तिथे, डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, जेएनडीआय, एलडॅप (माहिती मागवायची एक पद्धत) आणि एक अनोळखी आयपी दिसला, म्हणजे कुणीतरी हल्ला करून बघत होतं. पोटात गोळा आला.

रिपोर्टिंग सर्व्हर विकणाऱ्या कंपनीकडे तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी उत्तर, "तपास चालू आहे." तिसऱ्या दिवशी, "आमचं उत्पादन बाधित नाही."

लॉग४जे-कोर या तिच्या मुख्य फाइलच्या नावाने शोधलं तर मलाही काहीच सापडलं नव्हतं. पण जार, म्हणजे जावा कोडची फाइल, शेवटी झिपच. त्यांची मोठी जार उघडली, आत आणखी एक जार, आणि तिच्या आत जेएनडीआयलुकअप हा क्लास, म्हणजे त्या पत्त्यावर जाणारा कोडचा तुकडा. आवृत्ती २.११. ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट या प्रतीला कधी हात लावत नाही. ती सॉफ्टवेअरबरोबर आलेली असते आणि त्याच्याबरोबरच जुनी होते. स्क्रीनशॉट पाठवला. दोन दिवस सगळं शांत. मग उत्तर आलं, की पुढच्या नियमित रिलीजमध्ये बघू, आणि तुम्ही आमच्या फाइली बदलल्यात तर सपोर्ट मिळणार नाही.

या वाक्याने माझं डोकं फिरलं. सर्व्हर आमचा, त्यातला डेटा आमच्या ग्राहकांचा, हल्ला झाला तर रात्रभर जागणारे आम्ही. आणि एक क्लास काढायची परवानगी मात्र त्यांची! तिकिटावर रोज सकाळी लिहायचे, संध्याकाळी फोन करायचे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण.

दरम्यान त्या सर्व्हरवरून बाहेर जाणारी सगळी वाट फायरवॉलवर बंद केली, फक्त डेटाबेस चालू ठेवला. हल्ल्यातला कोड आणायला सर्व्हरला स्वतः बाहेर जावं लागतं, म्हणून हे सगळ्यात आधी करा. नुसत्या लुकअप (मजकुरातल्या पत्त्यावर जाणं) बंद करणाऱ्या सेटिंगवर विसंबू नका. सुरुवातीला तोच उपाय सांगितला जात होता, पुढे तो अपुरा ठरला.

अखेर २० तारखेला पॅच आला. उघडून पाहिला तर आत लॉग४जे २.१५! तिच्यातली दुरुस्ती अर्धवट निघाल्याने २.१६ आठवडाभर आधीच आली होती, आणि तोवर २.१७ही. पुन्हा तिकीट. या वेळी मी थांबले नाही. वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली, जारमधून तो क्लास काढला आणि सेवा पुन्हा सुरू केली. रीस्टार्ट विसरू नका; फाइल बदलली तरी चालू असलेली प्रक्रिया आधी वाचलेला जुना क्लासच वापरत राहते. रिपोर्ट निघाले, काहीही मोडलं नाही. त्या रात्री शांत झोप लागली.

२.१७चा पॅच जानेवारीत मिळाला. आता कुठलंही सॉफ्टवेअर घेताना करारातच लिहून घेते, की आत कुठल्या लायब्ररी कुठल्या आवृत्तीच्या आहेत याची यादी द्यायची आणि गंभीर दोषाचा पॅच किती दिवसांत द्यायचा. कुरकुर करतात, पण देतात.

एक राहिलं. जुन्या जारची प्रत त्याच फोल्डरमध्ये नाव बदलून ठेवू नका. शेवटी डॉट जार राहिलं, तर काही सर्व्हर तीही उचलतात. आमच्या चाचणीच्या मशीनवर तसंच झालं होतं. सगळं बदलूनही दोष शोधणारा स्कॅनर लाल दाखवत होता, आणि ती प्रत सापडायला अर्धा दिवस गेला.