कुंपणातली कोयनेल

सोसायटीच्या फाटकापासून पार्किंगपर्यंत गेलेली, कमरेएवढी, माथ्यावर सपाट कापलेली हिरवी भिंत बहुतेक वेळा कोयनेलीची असते. तिच्याकडे झाड म्हणून कुणी बघत नाही. ओले टॉवेल टाकायला, फार तर क्रिकेटचा चेंडू शोधायला लोक तिच्यापाशी जातात. मुळात ही बाई खाडीकाठची. कोकणात खारफुटी संपून बांध सुरू होतो तिथे ती मोकाट वाढते. तीन-चार मीटर पसरायचं, शेजारच्या झाडावर रेलायचं, चिखलाला टेकलेल्या फांदीला मुळं फोडून आणखी पुढे सरकायचं, असा तिचा खरा स्वभाव.

कुंपणाला तिचे जे गुण कामाला येतात ते सगळे तिकडचेच. पान जाडसर, तुकतुकीत, खारं वारं सोसणारं. म्हणून दुभाजकावरचा धूर आणि मे महिन्याचं ऊनही सोसतं. पाला कडूजहर, त्यामुळे अंगाला एक काटा नसूनही शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. आणि फांदी मोडली की खालून फुटायचं, ही सवय तर माळ्यासाठीच केल्यासारखी. एक काडी जवळून बघा. पानं समोरासमोर, प्रत्येक पेराला दोन, आणि दोन्हींच्या बगलेत एकेक डोळा, म्हणजे नव्या फांदीचा कोंब. शेंडा उडवला की दोन्ही डोळे फुटतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. कोयनेल दाट होते ती खतानं नव्हे, कात्रीनं.

लावायची ती काडीनंच. पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीत-सव्वा वीत लांबीच्या पक्क्या काड्या घ्याव्यात. कोवळा शेंडा कुजतो, फार जून लाकूड फुटायला वेळ लावतं. खालची पानं काढून दोन-तीन पेरं मातीत जातील इतकी खोचायची. काडी उलटी लागली तर मुळं धरत नाही, आणि पानं झडलेल्या काडीची वरची बाजू चटकन कळत नाही. गळलेल्या पानाच्या वणाच्या ज्या बाजूला डोळा, ती वर. ओल टिकली तर तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात. कुंपणासाठी हातभर रुंद, तेवढाच खोल चर खणून शेणखत मिसळायचं आणि फुटाफुटावर रोप. कुत्रीसुद्धा आत शिरू नयेत असं वाटत असेल तर फूटभर अंतरावर दुसरी ओळ, पहिलीच्या फटींसमोर.

इथपर्यंत सगळे नीट करतात. घोळ होतो तो पुढे. रोप फूट-सव्वा फुटाचं झालं की ते निम्म्यावर कापायला हवं, पण नेमका तेव्हाच जीव होत नाही. ‘आधी उंच होऊ दे, मग कापू’ म्हणतात. मग वर झुपका आणि खाली नुसत्या काटक्या, असं कुंपण तयार होतं आणि त्या फटींतून मांजरं ये-जा करतात. छाटणीतही बुड माथ्यापेक्षा चार-सहा इंच रुंद ठेवावं. माथा रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती गळतात. जी कोयनेल अशी खंगलीच असेल ती जूनमध्ये फूटभर उंचीवर सपाट उतरवावी. जुन्या खोडातून ती पुन्हा फुटते. बोथट कात्री मात्र नको. पानं चिरडतात आणि दोन दिवसांत सगळी कड तपकिरी दिसते. पेरांशी पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग दिसली तर तो पिठ्या ढेकूण. बाधलेले शेंडे कापून कचऱ्यात टाकावेत आणि उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

बागांमध्ये हत्ती आणि मोर करतात तेही हिच्यातून छान साधतात. तारेचा सांगाडा, प्रत्येक पायाशी एकेक रोप, कोवळ्या फांद्या सुतळीनं सांगाड्याला बांधत न्यायच्या आणि बाहेर डोकावेल ते छाटायचं. पावसाळ्यात पंधरा दिवस दुर्लक्ष झालं की हत्तीचं अस्वल होतं.

या सगळ्या टापटिपीत तिचं फूल मात्र हरवतं. फुलं येतात नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत, बहुधा तीन-तीनच्या घोसात. आणि आपण नेमकी तीच फूट दर महिन्याला उडवतो. पांढऱ्या पाच पाकळ्या, इंचभर बारीक नळी, आणि तिच्यातून लांब बाहेर आलेले चार जांभळट पुंकेसर. नळी एवढी लांब, की तळाचा मध लांब सोंडेच्या पतंगांनाच सोयीचा. फळ बोराहून लहान, पिकलं की त्याचे चार तुकडे होतात. त्यांचं कवच बुचासारखं असल्यानं भरतीच्या पाण्यावर ते तरंगत जातात आणि नव्या काठाला लागतात.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये हिला व्होल्कामेरिया या गटात घातलं, पुढे ती क्लेरोडेंड्रम गटात गेली आणि अलीकडे डीएनए तपासून परत व्होल्कामेरियात गेली. कूळही बदललं; आता ती तुळशीच्या घरातली. लोकवैद्यकात पाल्याचा वापर तापावर आणि कातडीच्या तक्रारींवर होत आला आहे, पण कुंपणावरची पानं खुडून काढा करायच्या फंदात पडू नये. त्यांच्यावर कधी काय फवारलंय ते माळ्यालाच ठाऊक.

तिची फुलं बघायची असतील तर सोसायटीच्या कमिटीला एवढंच सांगून बघावं, की पंपहाउसमागचा कोपरा कात्रीतून वगळा. टेकलेल्या फांद्या तेवढ्या अधूनमधून उचलाव्या लागतील, नाहीतर वर्षभरात ती पंपहाउसच्या दाराशी येईल.