आमची वाटचाल : सातवं मिनिट ते तेरावं मिनिट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज ऑर्डरी लवकर उरकल्या म्हणून बसलेच एकदाची. आम्ही म्हणजे मी आणि माझी वहिनी. आमचा कुकीजचा घरगुती व्यवसाय आहे आणि आम्ही एकच गोष्ट विकतो, फजी, म्हणजे मध्ये ओलसर आणि घट्ट राहणारी, चॉकलेट कुकी. केक नाही, ब्रेड नाही, दहा फ्लेवर नाहीत. एका कुकीवर धंदा कसा काय चालतो असं सगळे विचारतात, तर तो कसा उभा राहिला तेच आज सांगते, आणि रेसिपीपण देते कारण ती लपवून ठेवावी असं आम्हाला कधीच वाटलं नाही.

सुरुवात झाली ती स्वयंपाकघरातल्या छोट्या ओव्हनवर, एका वेळी जेमतेम ६ कुकी मावायच्या. मला हवी होती ती कुकी डोक्यात अगदी पक्की होती, वर पातळ चकचकीत पापुद्रा आणि त्याला तडे, कडा जराशा चिवट आणि मध्ये ओलसर, घट्ट, दाताला किंचित चिकटणारी. आणि घरी केली की दर वेळी बिस्कीट. चव छान असायची पण कुरकुरीत. दोन महिने मी रेसिपीच बदलत बसले, लोणी वाढव, मैदा कमी कर, साखर बदल, काही केल्या जमेना.

मग वहिनी म्हणाली, "अगं, तू सामान बदलतेयस सारखं, वेळ कुठे बदलून बघितलास?" वहिनी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायची, तिला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटत नाही. तर त्या दिवशी आम्ही ७ कुकी दाटीवाटीने ट्रेमध्ये बसवल्या, ७व्या मिनिटापासून दर मिनिटाला एक एक कुकी उलथन्याने काढून कागदावर ठेवत गेलो, खाली पेनाने आकडा, ७, ८, ९ असं करत १३ पर्यंत. दार सारखं उघडत होतो म्हणजे उष्णता कमी होत होती हे मान्य, पण अंदाज यायला तेवढं पुरलं. गरम असताना ९ नंबरची उचलायला गेले तर मधून तुटली, सरळ कच्ची वाटली. १२ नंबरची अगदी फोटोत असते तशी. मी म्हटलं १२च. वहिनी म्हणाली थांब, गार होऊ दे. तासाभराने खाल्ल्या तर १२ नंबरची बिस्कीट झालेली, आणि ९ नंबरची म्हणजे मी दोन महिने जी शोधत होते ना, हुबेहूब ती!

कारण नंतर नीट समजलं. ओव्हनमधून काढली तरी कुकी शिजायची थांबत नाही, तापलेला ट्रे आणि तिच्या पोटातली उष्णता आणखी काही मिनिटं काम करतच असते, आणि आतलं लोणी आणि चॉकलेट गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणजे गरम असताना जो मऊपणा कच्चा वाटतो तोच गार झाल्यावर फजी होतो. त्यामुळे ओव्हनमध्ये "झालेली दिसली" की समजायचं उशीर झाला. कडा सुकल्यासारख्या, वर तडे, मध्ये बोट हलकं टेकवलं तर लिबलिबीत, तेव्हाच बाहेर काढायची. आमचा सगळा व्यवसाय त्या दोन-तीन मिनिटांवर उभा आहे असं मी म्हणते ते खरंच म्हणते.

अंडं कच्चं तर राहत नाही ना, हा प्रश्न हमखास येतो आणि तो बरोबरच आहे. अंड्याचे पदार्थ आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत गेले की सुरक्षित धरतात, आमच्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे आणि प्रत्येक नव्या बॅचची एक कुकी आम्ही मधोमध टोचून बघतो, ७१ च्या वर आकडा आला तरच ती बॅच पुढे जाते. ओलसर आणि कच्चं यात फरक आहे. आमचा ओलसरपणा लोणी, साखर आणि चॉकलेटचा असतो.

आता रेसिपी. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ६० ग्रॅम लोणी, २ अंडी, १०० ग्रॅम ब्राऊन शुगर, ५० ग्रॅम बारीक पांढरी साखर, ८५ ग्रॅम मैदा, १५ ग्रॅम कोको पावडर, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि वरून घालायला १०० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे. एवढ्यात साधारण १३-१४ कुकी होतात. बघा मैदा किती कमी आहे ते, चॉकलेटच्या निम्म्याहूनही कमी. फजी कुकीत मैदा फक्त धरून ठेवायला असतो. ब्राऊन शुगरमध्ये मोलॅसिस, म्हणजे काकवीसारखा दाट पाक असतो, तो ओलावा धरून ठेवतो म्हणून ती जास्त.

चॉकलेट-लोणी गरम पाण्यावर वितळवायचं, भांड्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही आणि आत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडंसंच पाणी गेलं की ते आवळतं, दाणेदार गोळा होतो. ओला चमचा घालून एक अख्खी बॅच मी अशी घालवलीय. वितळलं की बाजूला ठेवून कोमट होऊ द्या. तोवर दुसऱ्या भांड्यात अंडी आणि दोन्ही साखरा बीटरने जोरात फेटायच्या, चांगली ५ मिनिटं, घड्याळ लावून. मिश्रण फिकट होतं, फुगतं, आणि बीटर उचलला की रिबिनीसारखी धार पडून ती क्षणभर वर तशीच दिसते. इथे कंटाळा करू नका. वरचा तो चकचकीत तडे गेलेला पापुद्रा इथूनच येतो, अंड्यात नीट विरघळलेली साखर भाजताना वर येऊन सुकते आणि तो पातळ थर बनतो. फेटणं कमी पडलं तर कुकी वरून मंद, मातकट दिसते, चव तीच असली तरी.

मग कोमट चॉकलेट त्यात ओतायचं, चाळलेला मैदा-कोको-बेकिंग पावडर-मीठ घालून हलक्या हाताने उलथन्याने फिरवायचं, पांढरं दिसेनासं झालं की थांबायचं. तेव्हा ते बॅटर केकसारखं सैल वाटेल आणि तुम्ही घाबरून आणखी मैदा घालाल, तो घालू नका! २०-३० मिनिटं झाकून ठेवा, चॉकलेट घट्ट होतं आणि मग स्कूपने छान गोळे पडतात. साधारण ४५ ग्रॅमचा एक गोळा, मध्ये भरपूर अंतर, वर तुकडे टोचायचे, १७५ अंशाला ९ ते १० मिनिटं. ट्रेवरच १० मिनिटं राहू द्या, मग जाळीवर.

पहिल्या वर्षी आम्ही सगळं कपाने मोजायचो. नेहमी घेणारी एक मैत्रीण एकदा म्हणाली, तुमच्या सोमवारच्या कुकी आणि गुरुवारच्या कुकी वेगळ्या लागतात. आम्हाला आधी रागच आला. मग लक्षात आलं सोमवारी मी करते, गुरुवारी वहिनी. दोघींनी एकाच कपाने मैदा घेतला आणि काट्यावर ठेवला, माझा भरला १२४ ग्रॅम, वहिनीचा १५२. मी चमच्याने वरून सोडायचे, ती डब्यात कप खुपसून भरायची. त्याच दिवशी डिजिटल वजनकाटा मागवला. घरी करणाऱ्यांनाही मी पहिलं हेच सांगते की महागडा मिक्सर नंतर घ्या, काटा आधी घ्या. आणि दुसरं, ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर, कारण बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यात आमच्या पहिल्या ओव्हनला २० अंशांचा फरक निघाला होता.

दुसऱ्या वर्षी कोको पावडर बदलली. नवीन जास्त काळी, दिसायला सुरेख, आम्ही खूश. पण कुकी फुगेनात आणि शेवटी जिभेवर साबणासारखी चव रेंगाळायची. तेव्हा आम्ही बेकिंग पावडर नाही, सोडा वापरायचो. चार दिवस वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. साधी कोको आंबट गुणाची असते, सोड्याला काम करायला तसं आंबट काहीतरी लागतं. आणि ही नवी होती डच पद्धतीची, म्हणजे अल्कलीने प्रक्रिया करून तिचा आंबटपणा काढलेली. ही पद्धत नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटन बापलेकांची मानतात, म्हणून ती डच, कोकोतून बटर दाबून काढायच्या त्यांच्या प्रेसचं पेटंट १८२८ सालचं आहे, म्हणजे किती जुनी गोष्ट, आणि आम्हाला ती दोन ट्रे फेकल्यावर कळली. सोड्याला आंबटपणा पुरला नाही, तो तसाच उरला, म्हणून ती चव. तेव्हापासून बेकिंग पावडर, तिच्यात आम्ल आधीच असतं.

चॉकलेटचा किस्सा याहून जास्त मनाला लागलेला. आमचा एक पुरवठादार होता, नाव घेत नाही. एकदा त्याने नेहमीसारख्याच दिसणाऱ्या पिशवीत माल दिला आणि आम्ही न बघता वापरला. त्या आठवड्यात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितलं, टाळूला काहीतरी तेलकट चिकटतं. पिशवी उलटून बारीक अक्षरं वाचली तर कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल, म्हणजे कंपाउंड. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेनेच वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर विरघळतं, कंपाउंडमधल्या तेलाचं तसं होईलच असं नाही. सजावटीला कंपाउंड सोयीचं असेल, पण ज्या कुकीत निम्मं काम चॉकलेटच करतं तिथे ते चालत नाही. आम्ही त्या आठवड्यातल्या सगळ्यांना स्वतःहून फोन केले आणि कुकी बदलून दिल्या. एकाने म्हटलं, मला तर कळलंच नव्हतं. मला कळलं होतं ना.

मग आली पहिली मोठी ऑर्डर, ३०० कुकी, एका ऑफिसच्या कार्यक्रमासाठी. छोट्या ओव्हनवर रात्रभर भाजल्या, पहाटे पाचला शेवटचा ट्रे निघाला आणि साडेपाचला गाडी येणार, म्हणून शेवटच्या ६० कोमट असतानाच डब्यात भरल्या. डब्यात वाफ धरली, झाकणाला आतून थेंब, आणि पोचेपर्यंत वरचा पापुद्रा विरघळून सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या ६० चे पैसे आम्ही घेतले नाहीत. वहिनीने परत आलेला तो डबा उघडून एक कुकी सोडवायचा प्रयत्न केला, शेजारचीचं अर्धं पाठीला चिकटून आलं, आणि ती काही न बोलता तशीच उभी राहिली, ते मला अजून दिसतं. आता नियम म्हणजे नियम, जाळीवर किमान एक तास, हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय पॅकिंग नाही, मग गाडी थांबली तरी चालेल.

त्यानंतर मोठा फॅनवाला ओव्हन घेतला. पहिले दोन आठवडे कडा करपल्यासारख्या, कारण पंख्याने गरम हवा फिरते आणि पदार्थ लवकर भाजतो, १५-२० अंश कमी ठेवावे लागतात. मग पुन्हा तोच खेळ, दर मिनिटाला एक कुकी, कागदावर आकडे. नवा ओव्हन, नवा ट्रे, काहीही नवीन आलं की आम्ही हे करतोच. काळ्या रंगाच्या ट्रेवर तळ लवकर भाजतो हेसुद्धा असंच कळलं. आणि रात्रभर जागणं संपलं ते फ्रीझरमुळे. गोळे पाडून आधी ट्रेवर कडक करायचे, मग डब्यात, दोन-तीन महिने छान राहतात, आणि गोठलेलेच भाजायचे, फक्त दीड-दोन मिनिटं जास्त.

कुणी कुणी म्हणतात चॉकलेट थोडं कमी करा, स्वस्तात द्या, कुणाला कळणार आहे. आम्ही नाही म्हणतो. वहिनीने दोन वर्षांपूर्वी शाळा सोडली ती याच कुकीवर विश्वास ठेवून, तिच्यासमोर मी चॉकलेट कमी करू शकत नाही.

सध्या बिनअंड्याच्या कुकीवर काम चाललंय. एका आईचा मेसेज आला होता, मुलाला अंड्याची अॅलर्जी आहे, बाकी सगळे खातात आणि तो बघत बसतो. जवसाची पूड भिजवून घातली तर आतून कुकी मस्त फजी होते पण वर पापुद्रा येत नाही, कारण साखर फेटायला अंडंच नाही. मग उकडलेल्या काबुली चण्याचं पाणी फेटून बघितलं, ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं खरंच फुगतं. परवा ११वा प्रयत्न, कडेला बोटभर जागेत चकचकीत तडे आले, मध्ये नाही. भांडी, बीटर, ट्रे सगळं वेगळं ठेवलंय, कारण अॅलर्जी म्हणजे अंड्याचा अंशही चालत नाही. आज रात्री साखर आणखी बारीक दळून १२वा करतोय, वहिनीने कागदावर आकडे लिहूनसुद्धा ठेवलेत.