श्रावणातल्या सीड्या

श्रावणातला रविवार

आषाढात समुद्र बंद, श्रावणात तोंड बंद. मासळीबाजाराची वाट बंद झाली की जे पैसे वाचतात, त्यांच्या मी सीड्या मागवतो. घरात हा हिशेब कुणाला पटत नाही, पण आकडे माझ्या बाजूने आहेत. २०२५ च्या पार्सलात सगळ्या मेटल बँडच्या सीड्या: ओपेथची ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’, ड्रीम थिएटरची ‘पॅरासॉम्निया’, अव्हान्टासियाची ‘हिअर बी ड्रॅगन्स’, सोनाटा आर्क्टिकाची ‘क्लिअर कोल्ड बियाँड’ आणि जुन्यातली एक, आंग्राची ‘होली लँड’. खोक्याचा एक कोपरा भिजून लगदा झाला होता. आतलं मात्र सुखरूप.

सगळं फोनवर असताना सीड्या कशाला, हे विचारणाऱ्याने वेंगुर्ल्याचा पाऊस बघितलेला नाही. वारा जोरात सुटला की रेंज जाते आणि दुपारी गेली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत तिचा पत्ता नसतो. सीडीला एवढी लाइट असली की पुरे. तीही जाते, तो भाग वेगळा.

मात्र पावसाळ्यात सीड्या सांभाळणं म्हणजे व्रतच. पुठ्ठ्याची वेष्टनं इथे टिकत नाहीत. जुलैपर्यंत फुगतात, ऑगस्टमध्ये कडेला पांढरी बुरशी धरते आणि पुस्तिकेची चकचकीत पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवायला गेलं तर अक्षरं समोरच्या पानावर निघून येतात. त्यामुळे पार्सल आलं की पुस्तिका पहिल्याच दिवशी वाचून काढायच्या, मग सगळं पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या पुड्या आमच्या घरात कुणी टाकत नाही.

ओपेथ आधी लावली. त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट याने २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर अल्बममध्ये ग्राउल करणं, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, सोडून दिलं होतं. मधल्या काळात जुन्या प्रोग रॉकच्या, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रॉकच्या, वळणाचे अल्बम आले. ते मी ऐकले, काही आवडलेही, पण ताटात मीठ कमी असल्यासारखं वाटत राहिलं. नोव्हेंबर २०२४ च्या या अल्बममध्ये तो आवाज परत आलाय, आणि नुसता हौसेखातर नाही. गोष्टच तशी आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक धनाढ्य म्हातारा वारलाय आणि वाड्यात त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. समोर त्याची जुळी मुलं बसलीत आणि बाजूला घरात वाढवलेली, पोलिओने अधू झालेली एक पोर. ही इथे कशाला, असा जुळ्यांच्या मनात प्रश्न. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, मृत्युपत्रातल्या परिच्छेदांना असावेत तसे नुसते आकडे. मजकूर वाचायला जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचे इअन अँडरसन आणि बासरीही त्यांचीच.

पहिला ग्राउल आला तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“ह्येका घशाक काय झाला?”

म्हटलं, घशाला काही झालेलं नाही, हा मेलेला बाप बोलतोय. मग गोष्ट सांगावी लागली. आई पदराला हात पुसत उंबऱ्यातच टेकली. मेटलमधलं तिला काही कळत नाही, पण मृत्युपत्र, वाटण्या, जुळी एका बाजूला आणि घरातली पोर दुसऱ्या बाजूला, यातलं तिला न कळण्यासारखं काय आहे? आमच्या वाडीत दर दुसऱ्या घराची तारीख लागलेली असते. जुळी त्याच्या रक्ताचीच नाहीत, म्हटल्यावर तिने “अगो बाय!” म्हणून तोंडावर हात ठेवला.

“मगे घर कोणाक गेला?”

“त्या पोरीला.”

“बरा झाला,” म्हणाली, आणि उठायला लागली. मग शेवटचं गाणं सांगितलं. ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’ या एकट्याच गाण्याला नाव आहे, ग्राउल नाही, चाल हळुवार, आणि त्यात पोरीला पत्र येतं की तीही त्याची नव्हेच. आई परत बसली. सातबाऱ्यावर आता नाव कुणाचं लागणार, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ओकरफेल्टने पुस्तिकेतही दिलेलं नाही.

माझ्या मते त्या पार्सलातला हा सगळ्यात सलग विचार केलेला अल्बम. जेमतेम पन्नास मिनिटं आणि त्यात एकही गाणं भरतीचं नाही. गुणगुणायला मात्र काही उरत नाही. मधल्या गाण्यांत तंतुवाद्यांचा मेळ आणि गिटार एकमेकांना इतके खेटून आहेत की पहिल्यांदा नुसता गोंधळ ऐकू येतो. हेडफोन लावून दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा एकेक पदर सुटा झाला.

नारळी पौर्णिमा

संध्याकाळी बंदरावर नारळ सोडून आलो. पावसाने तासभर उसंत दिली, गर्दी चांगली होती. घरी आल्यावर ‘होली लँड’ काढली. दिवस बघूनच ठेवली होती.

आंग्रा ब्राझीलचा बँड. हा त्यांचा दुसरा अल्बम, १९९६ चा. पोर्तुगीज जहाजं ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली तो काळ याचा विषय. पॉवर मेटल, म्हणजे वेगवान, मोठमोठ्या कोरसचं मेटल, म्हटलं की जर्मनी आणि फिनलंड, किल्ले आणि बर्फ. इथे मात्र डबल बेस ड्रमच्या जोडीला ब्राझीलचे ढोल आहेत. सुरुवातीला पॅलेस्ट्रिनाचं चर्चमधलं संगीत आणि मग थेट ‘नथिंग टू से’चा घाव. माझं आवडतं गाणं ‘कॅरोलिना फोर’, दहा मिनिटांच्या वर जाणारं, एका जहाजाबद्दलचं. त्याची सुरुवात होते समुद्राची देवी इमान्जा हिला केलेल्या पोर्तुगीजमधल्या वंदनाने. आताच दर्याला नारळ देऊन आलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार?

यातला इतिहास थोडा आमच्याही दारातला आहे. पेद्रो आल्व्हारिश काब्राल मार्च १५०० मध्ये लिस्बनहून तेरा जहाजं घेऊन निघाला तो हिंदुस्थानला यायला. वाटेत फार पश्चिमेला गेला आणि एप्रिलमध्ये ब्राझीलला लागला, मग पुढे कालिकतला पोचला. दहा वर्षांत पोर्तुगीज गोव्यात ठाण मांडून बसले. ब्राझीलचं एक झाड त्यांच्याच जहाजांतून या किनाऱ्याला आलं. ते काजूचं. मी काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो. इथल्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती रोज माझ्या वहीत येतात. म्हणजे आंग्राचा गायक आंद्रे मातोस ज्या जहाजांबद्दल गातो, त्याच वाटेने माझा पगार आलाय. हे मी कारखान्यात सांगून बघितलं. मुकादम म्हणाला, बोनसचं विचारा त्यांना.

मातोसच्या आवाजाबद्दल मतं टोकाची आहेत. वरच्या पट्टीत तो पातळ होतो, कधी किंचाळी आणि गाणं यांच्या सीमेवर जातो. मला तो तिथेच आवडतो, कारण खाली येतो तेव्हा शास्त्र शिकलेल्या माणसासारखा सावकाश पायऱ्या उतरतो. ‘डीप ब्लू’ ऐकावं. जून २०१९ मध्ये तो गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

शनिवार

शेजारचे काका भजनात पखवाज वाजवतात. चतुर्थी जवळ आली की त्यांच्या पडवीत रात्री सराव सुरू होतो. त्याआधी दुपारी गाठून त्यांना ड्रीम थिएटर ऐकवायचं कधीपासून मनात होतं. नवी सीडी लावण्याआधी मी मुद्दाम जुनं ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ लावलं, १९९९ च्या अल्बममधलं. सहा मिनिटांच्या या तुकड्यात ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो. काकांनी मांडीवर हात धरला. सात मात्रा सापडल्या, चेहरा खुलला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या निसटल्या. परत धरलं, परत निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलून माझ्याकडे बघितलं.

“मेल्या, ह्येची सम खंय आसा?”

गंमत म्हणजे यात अवघडपणाचा प्रश्नच नव्हता. रूपक सात मात्रांचा, झपताल दहा मात्रांचा, दोन्ही त्यांच्या हातात मुरलेले. पण आमच्याकडे ताल कितीही वाकडा असला तरी आवर्तन फिरून समेवर येतं, आणि वादक कितीही लांब भटकला तरी त्याला घर माहीत असतं. इथे घरच दर दोन पावलांवर हलतं. “हात लय तयार आसत,” काका शेवटी म्हणाले, “पण बसाचा खंय ता कळणा नाय.” प्रोग मेटलची मी वाचलेली बहुतेक परीक्षणं या वाक्यापेक्षा लांब आणि कमी कामाची होती.

मग ‘पॅरासॉम्निया’. ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बँड सोडून गेला आणि २०२३ मध्ये परत आला, त्यानंतरचा हा पहिला अल्बम, फेब्रुवारी २०२५ चा. विषय झोपेचे विकार. पहिला अर्धा भाग मला थकलेला वाटला. ‘नाइट टेरर’ दणदणीत आहे, पण असं गाणं हे लोक झोपेत बांधतील, आणि विषय झोपेचाच असला तरी ती सबब चालणार नाही. गायक जेम्स लाब्रीचा आवाज पुसून-घासून बसवलेला जाणवतो. खरा अल्बम ‘बेंड द क्लॉक’पासून सुरू होतो. साधी चाल, आणि शेवटी जॉन पेट्रुचीचा गिटारवर असा सोलो की त्याला घाई नाही, कुणाला काही दाखवायचं नाही. काकांची मान तिथे पहिल्यांदा डोलली. शेवटचं ‘द शॅडो मॅन इन्सिडंट’ वीस मिनिटांना थोडं कमी. त्यात भटकंती पुष्कळ आहे, पण दर वेळी मूळ रिफवर, म्हणजे गिटारच्या फिरून येणाऱ्या तुकड्यावर, परत येतात आणि पोर्टनॉय परतीच्या त्या जागा नेमक्या ठोकून दाखवतो. हा माणूस घरी आलाय, हे ढोलांवरून कळतं. इतकी वर्षं त्याच्या जागी माइक मॅन्जिनी होता, तयारीने कुठेच कमी नाही, पण त्याचं वाजवणं मला कायम पाठांतर वाटायचं.

चतुर्थीच्या आधी

अव्हान्टासियाबद्दल लिहायचं टाळत होतो, कारण भांडण ठरलेलं. मेटल ऐकणारा माझा मुंबईचा मित्र पॉवर मेटलला हसतो. ड्रॅगन, तलवारी, गगनभेदी कोरस, सगळं पोरकट म्हणतो. टोबियास सामेटच्या या प्रकल्पाला तर जास्तच, कारण तो दर अल्बमला गायकांची पलटण गोळा करतो. ‘हिअर बी ड्रॅगन्स’मध्ये जेफ टेट आहे, मायकेल किस्के आहे, रॉय खान आहे, बॉब कॅटली आहे.

मित्राने जत्रेतला दशावतार कधी रात्रभर बसून बघितलेला नाही. पेटाऱ्यातून निघालेला पुठ्ठ्याचा मुकुट, चेहऱ्यावर रंगाचे थर, पायपेटी आणि मृदंग चढत चाललेले, आणि राजा गिरकी घेत रंगमंचावर येतो. तो राजा दिवसा शेतात असतो, हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक. पण तो स्वतः क्षणभरही डोळा मिचकावत नाही. लिहिलेली संहिता नसते, समोरच्याच्या शब्दाला शब्द द्यायचा आणि तेही पूर्ण राजाच्या रुबाबात. जरा जरी “हे सगळं खोटं हो” असं त्याच्या तोंडावर दिसलं, तरी खेळ बसला. पॉवर मेटलचंही तेच गणित आहे. सामेट जेव्हा मनापासून वेडेपणा करतो तेव्हा तो जिंकतो. टेटबरोबरचं, अल्बमच्याच नावाचं गाणं लांबलचक आहे, दोघं आलटून पालटून येतात आणि कुणी मागे हटत नाही. किस्केचं ‘द मूरलँड्स अ‍ॅट ट्वायलाइट’ सुसाट. रॉय खान अगदी शेवटी येतो, ‘एव्हरीबडीज हिअर अनटिल दी एंड’ला, आणि इतका वेळ ओरडलेल्या अल्बमला हळू आवाजात ताब्यात घेतो.

पण सुरुवातीचं ‘क्रीपशो’ मला बिलकूल रुचलं नाही. रेडिओसाठी बेतल्यासारखं चटपटीत, आणि नेमकं तिथेच सामेट डोळा मिचकावतो. मित्राला चिडवायला हत्यार मिळालं ते त्या एका गाण्याने. फोनवर त्याने तेच वाजवून दाखवलं.

सोनाटा आर्क्टिकाबद्दल फार नाही. मधली काही वर्षं भरकटल्यावर २०२४ मध्ये ते परत वेगाकडे आले, ‘फर्स्ट इन लाइन’ला पाय थरथरतो. ‘एक्लिप्टिका’, १९९९ चा त्यांचा पहिला अल्बम, याहून पुष्कळ कच्चा होता आणि याहून पुष्कळ भुकेला. नवा अल्बम गाडीत लावायला ठीक.

हॅलोविन या जर्मन पॉवर मेटल बँडचा ‘जायंट्स अँड मॉन्स्टर्स’ २९ ऑगस्ट २०२५ ला यायचा होता, चतुर्थी २७ ला. काई हान्सेन, किस्के आणि अँडी डेरिस, बँडचे तिन्ही गायक त्यात, म्हणजे घ्यावा लागणारच होता. २०२१ चा ‘हॅलोविन’ याच तिघांनी काढला होता आणि ‘स्कायफॉल’ची ती बारा मिनिटं अजून पाठ आहेत. ऑर्डर मात्र विसर्जनानंतर. मुंबईची माणसं घरात असताना पार्सल उघडलं असतं, तर अल्बम कसा आहे हे कुणी विचारलं नसतं, केवढ्याला पडला हे सगळ्यांनी विचारलं असतं, आणि तोवर श्रावणही संपलेला असता.